सोयरीक, सुतक, सातबारा

२७ जानेवारी २०२४ च्या सकाळी वाशीत गुलाल उधळला जात होता. अंतरवाली सराटीहून आरक्षणासाठी निघालेला मराठा मोर्चा मुंबईच्या वेशीवर थांबला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून मोर्चाचे नेते मनोज जरांगे पाटलांनी रस घेतला होता आणि सरकारने आदल्या दिवशीच्या तारखेचा एक मसुदा पुढे ठेवला होता. जातप्रमाणपत्रांच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचवणारा तो मसुदा. एरवी असला कागद वाचताना माणसाला डुलकी लागायची. या कागदात मात्र एक शब्द असा होता, जो तोवर लग्नाच्या आमंत्रणात, तेराव्याच्या निरोपात आणि पारावरच्या गप्पांत नांदत आला होता: सगेसोयरे.

शब्द राजपत्रात आला म्हणजे त्याची व्याख्या आलीच. मसुद्याने ती अशी केली की अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांमध्ये जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जुळलेले नातेवाईक म्हणजे सगेसोयरे. हरकतींसाठी १६ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. हरकती ढिगाने आल्या. छगन भुजबळांसह ओबीसी नेत्यांनी विरोध केला, वकिलांनी कीस पाडला, वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा झाल्या. पण खेड्यातल्या कुणाही आजीबाईला विचारलं असतं, तर गाठ कुठे आहे ते तिने सुपारी कातरता कातरता सांगितलं असतं. सगे वेगळे आणि सोयरे वेगळे. सग्यात लग्न होत नाही, सोयरा मुळी लग्नानेच होतो. जातीचा दाखला चालतो बापाच्या वळणाने, बाप, आजा, पणजा असा. त्यात सोयरे आणले की आईचं माहेर येतं, बहिणीचं सासर येतं, आजीचा भाऊ येतो. एका जोडशब्दाने दोन विरुद्ध दिशांची माणसं एका ओळीत उभी केली होती.

पुढे २ सप्टेंबर २०२५ ला, जरांगेंच्या आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर, सरकारने निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे जातीच्या दाखल्यांचा निर्णय काढला. त्यातली भाषा गावातल्या किंवा कुळातल्या नातेसंबंधांची होती. दीड वर्षात सरकारी कागद सोयऱ्यांकडून कुळाकडे आला. राजकारण बाजूला ठेवून नुसता शब्दांचा हा प्रवास पाहिला, तरी एक गोष्ट कळते. मराठीतले नात्यांचे शब्द आपण मायेचे शब्द म्हणून मिरवतो. दिवाळीत तर जरा जास्तच. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक हिशेबाचे शब्द आहेत. कुणाला वाटा, कुणाला मान, कुणाला सुतक, कुणाचा आहेर, कुणाशी सोयरीक चालेल आणि कुणाशी नाही, याची ती तोंडी खतावणी आहे. माया तीत असते, पण ती नंतर येते.

या खतावणीचं सगळ्यात कोरडं पान तलाठ्याकडे असतं.

खातेदार मयत झाला की गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते. मयताचं नाव, मृत्यूची तारीख, वारसांची नावं, वयं आणि मयताशी नातं. पत्नी. मुलगा. मुलगा. मुलगी, विवाहित. मग फेरफार पडतो आणि नावं सातबाऱ्यावर चढतात. जुने उतारे घेऊन बसलं तर तिथे एक वेगळंच मराठी भेटतं. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला, थोरला भाऊ कर्ता म्हणून उताऱ्यावर चढला, धाकट्यांची नावं 'नंतर लावू' म्हणत राहून गेली. थोरल्याच्या मुलांना आजोबांची जमीन सरळ आपल्या बापाची वाटू लागली. गावातली निम्मी भांडणं 'ए.कु.मॅ.' या तीन अक्षरांपाशी सुरू झाली आहेत, असं म्हटलं तर महसूल खात्यातली जुनी माणसं मान डोलावतील.

आणि मुली? कित्येक जुन्या उताऱ्यांत मालकाच्या रकान्यात भाऊ आणि 'इतर हक्क' या रकान्यात बहिणी व आई असा थाट दिसतो. जमीन भावांची, बहिणींची नुसती नोंद. त्याच रकान्यात सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा आणि तुकडेबंदीचा शेराही असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या तारखेला बाप हयात असायला हवा का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात मिटवला: गरज नाही, हक्क जन्माने आहे. कायदा असा पायरी पायरीने चढला. घराघरांत मात्र हक्कसोडपत्र त्याहून चपळ निघालं. भाऊ गाडी घेऊन येतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहीण सही करते, वाटेत जेवण होतं, साडी मिळते. बहिणीला विचारलं तर ती सांगते, 'माहेर तुटायला नको.' म्हणजे तिने वाटा दिला आणि त्या बदल्यात वर्षातून दोनदा उघडं राहणारं दार घेतलं. व्यवहार म्हणून पाहिला तर तो फार महागात पडलेला आहे.

बुलढाण्यातून सुरू झालेली आणि २०२५ मध्ये राज्यभर नेलेली 'जिवंत सातबारा' मोहीम मयतांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी आहे. नाव मात्र मोठं मासलेवाईक. ज्या कागदावर आजोबा अजून शेत कसत आहेत, तो कागद मेलेला, असं सरकारनेच कबूल केलं.

भाऊबंद हा शब्द या शेतातला आहे. त्याचा संस्कृत वडीलधारा म्हणजे दायाद, ज्याला दायात, म्हणजे वाट्यात, हक्क आहे तो. एका मूळपुरुषाची ही सगळी पिलावळ मिळून होते भावकी. भावकी नुसती नात्यांची गोळाबेरीज नाही, ती एक संस्था आहे. गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणत्या भावकीचा, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणत्या भावकीला कोणत्या वारी, होळीची पहिली लाकडं कोणाची, हे ठरलेलं असतं. शब्दाच्या शेवटचा 'की' पाहा. पाटीलकी, कुलकर्णकी, गावकी, भावकी. तो 'की' अधिकार सांगतो. आणि अधिकार आला की तंटा आलाच, म्हणून भाऊबंदकी. बंधुभावासाठी तयार झालेला शब्द मराठीत भांडणाच्या अर्थाने रुळला, याचं कुणाला नवलही वाटत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रकरणावर कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिलं आणि त्याचं नाव 'भाऊबंदकी' एवढंच ठेवलं. प्रेक्षकांना आणखी काही सांगायची गरज नव्हती.

यात माणसांचा स्वभाव जितका, तितकाच नकाशा. वाटण्या झाल्या की एकाच शेताचे उभे पट्टे पडतात. साहजिकच ज्याचा बांध आपल्या बांधाला लागतो तो सख्खा नाहीतर चुलत भाऊ असतो. नांगरताना दोन बोटं बांध कोरणारा परका कसा असेल? परक्याचं शेत तिथे नाहीच. कोर्टातल्या दाव्यांत दोन्ही बाजूंना एकच आडनाव दिसतं ते म्हणूनच.

सोयऱ्यांचं तसं नाही. त्यांच्याशी बांध लागत नाही, म्हणून त्यांच्याशी गोडी राहते. कोल्हापूर, सांगलीकडे तर सोयरा या अर्थाने सर्रास 'पाहुणा' म्हणतात. 'ते आमचे पाहुणे आहेत' याचा अर्थ ते चार दिवस राहायला आलेत असा नाही, तर त्यांच्यात आमची लेक आहे किंवा आमच्यात त्यांची. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही पाव्हणाच असतो. तिथून सुरू होणारा सवाल-जवाब ज्याने ऐकला नाही, त्याने खेडं पाहिलं नाही.

'पाव्हणं, गाव कंचं म्हणायचं?'

'वाळव्याकडलं.'

'आडनाव?'

आडनाव कळलं की समोरचा डोळे बारीक करतो. त्याच्या डोक्यात चार तालुक्यांचा नकाशा उलगडत असतो.

'म्हंजी वरच्या आळीतलं का मळ्यातलं?'

'मळ्यातलं.'

'मग झालं की! आमच्या चुलत्याच्या साडूची पोरगी तुमच्यातच दिलीया.'

पुढच्या थांब्याच्या आत तंबाखूची चंची उघडते. चुलता, साडू, पोरगी, एवढ्या तीन पायऱ्यांत दोन परकी माणसं एकमेकांची पाहुणी झाली. यात क्रियापदंही ऐकण्यासारखी आहेत. लेक 'दिली' जाते, सून 'केली' जाते, सोयरीक 'जमते', सुपारी 'फुटते' आणि कधी लग्न 'मोडतं'. ज्या मुलीमुळे हे दोन गोतावळे जोडले गेले, ती या वाक्यांत कर्ता म्हणून कधी येतच नाही.

सोयरीक कुणाशी चालते, याचे नियम शब्दांतच ठेवलेले आहेत. इंग्रजीतला एक 'कझिन' मराठीत चार होतो: चुलत, आते, मामे, मावस. हे वैभव हौसेचं नाही. चुलतभाऊ-बहीण एका कुळातले, म्हणून तिथे लग्नाचा विचारही पाप. मावसभाऊ-बहिणीचं कूळ वेगळं, तरी आया बहिणी-बहिणी, म्हणून तेही भावंडच. मामेबहीण मात्र अनेक जातींत हक्काची नवरी मानली गेली. आतेबहीण नको, कारण आपल्या घरची लेक ज्या घरात दिली त्या घरातून मुलगी आणली तर वेल परततो, अशी समजूत. चार शब्द आहेत, कारण चार उत्तरं आहेत.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य घालवलेल्या या बाईंनी डोक्याच्या कवट्या मोजता मोजता घरातल्या हाकाही मोजल्या. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलेला, असं त्यांनी मांडलं. याचा पुरावा हवा असेल तर सुनेच्या तोंडची हाक ऐकावी. कित्येक घरांत सून सासूला 'आत्याबाई' म्हणायची आणि सासऱ्याला 'मामंजी'. ती आत्या नव्हे, तो मामा नव्हे, मग हे कुठून आलं? मुलगी आपल्या आतेभावाला दिली तर सासू तिची सख्खी आत्याच असते, आणि आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची रीत खेड्यांत आहेच. तिकडे जावईही सासऱ्याला मामा म्हणतो. लग्न पुण्यातल्या विवाहमंडळातून ठरलेलं असलं, दोन घराण्यांचा सात पिढ्यांत संबंध नसला, तरी हाक जुन्या सोयरिकीची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यांत घातलं आणि लगेच रूढीची पळवाटही ठेवली. मामाची मुलगी त्या वाटेने आजही सून होऊन येते.

आणखी एक चाळणी देवकाची. कळंब, पंचपल्लव, मोराचं पीस अशी देवकं. दोन्हीकडचं देवक एक निघालं की आडनावं वेगळी असूनही ती भावकी ठरते आणि बैठक चहा पिऊन उठते. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडच्या गोंडांमध्ये हाच प्रश्न देवांच्या संख्येने सुटतो. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. देवांची संख्या सारखी ते भाऊ, संख्या वेगळी तर सोयरीक चालेल. गोव्याच्या जुन्या गावकारीत घराण्यांची विभागणी 'वांगडां'त होती आणि गावच्या कारभारातला मान वांगडावर ठरायचा. प्रदेश बदलतो, भाषा बदलते, पण अनोळखी माणसाला पहिला प्रश्न तोच राहतो: तू माझा भाऊ की सोयरा?

जन्म आणि मृत्यू आले की भावकीची खरी हद्द कळते. 'मला त्याचं सोयरसुतक नाही' असं आपण सहज म्हणतो. त्यातला 'सोयर' म्हणजे सोयरा असं बहुतेकांना वाटतं, पण तो जन्माचा विटाळ आहे आणि सुतक मृत्यूचं. म्हणजे वाक्याचा अर्थ असा की त्याच्या घरी मूल जन्मलं काय, माणूस गेलं काय, मी दहा दिवस पाळणार नाही. नातं तुटल्याचं याहून नेमकं वर्णन नाही. पंचांगाच्या पानांवर अशौचाचे जे कोष्टक छापतात ते नात्यांची अंतरं मोजणारी फूटपट्टीच असते. सात पिढ्यांच्या आतल्या सपिंडाला दहा दिवस. त्यापलीकडच्याला तीन. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचे तीनच. ज्या घरात ती वाढली तिथल्या चुलतचुलत्याने दहा दिवस पाळायचे आणि तिने तीन! धर्मशास्त्राने तिचं कूळ बदललं होतं, डोळ्यातलं पाणी बदलता आलं नव्हतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या गावी मयत झालं की पुढच्या दोन आठवड्यांत भावकी आणि सोयरे यांच्या वाट्याची कामं घड्याळासारखी लागतात. तिरडी बांधणं, लाकडं, खांदा ही भावकीची. घरात चूल पेटवायची नसते, म्हणून कडू घास आणायचा तो सोयऱ्यांनी किंवा शेजाऱ्यांनी. पिठलं-भाकरी नाहीतर भात-आमटी, डोक्यावरच्या पाटीत, वर फडकं. तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं. दहाव्याला नदीकाठी मुंडण करून ओळीने बसतात ती भावकी, आणि मागे टोप्या-टॉवेल घेऊन उभे असतात ते सोयरे. हा दुखवटा. मुलाला सासरकडून टोपी येते, विधवेला माहेरकडून लुगडं. कोण आलं, काय आणलं, हे एका वहीत उतरवलं जातं. कारण उद्या त्यांच्या घरी तेच करायचं असतं. मायेची वही ठेवतात म्हणून कुणी नाक मुरडू नये. वहीत नाव नसलेला माणूस परका असतो, आणि गावात परकं असण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, अंत्यविधीला २० माणसं, अशी मर्यादा घातली. महाराष्ट्रातल्या घराघराला तेव्हा कागदावर लिहून ठरवावं लागलं, की आपली वीस माणसं कोण. खांदा द्यायला चार लागतात. उरलेल्या सोळांत भावकी किती, सोयरे किती, मित्र किती? पुष्कळ ठिकाणी तर वीसही जमले नाहीत. दहा दिवस पाळणारा चुलतभाऊ दारं लावून बसला आणि कसलंही सुतक नसलेला तालमीतला दोस्त पीपीई किट घालून पुढे झाला. त्या वर्षात किती भावक्या मनातल्या मनात वाटून गेल्या, त्याचा फेरफार कुठे झाला नाही.

बायकांच्या तोंडची नाती हा वेगळाच कप्पा आहे. दीर, नणंद, जाऊ, सवत, विहीण, भावजय. पुरुषाला सासरी लागतात ते शब्द जेमतेम पाच-सहा. बाईला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी डझनभर नाती पाठ असावी लागत. कुणाला 'वन्सं' म्हणायचं, कुणापुढे डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, कुणाशी थट्टा चालते, हे सगळं त्या नावांत असे. पण तिच्याकडे पुरुषांच्या कोशात नसलेला एक सुंदर शब्दही आहे: मुराळी. सणाला बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ तो मुराळी. नातं भावाचंच, पण नाव त्या दोन दिवसांपुरतं. मालवणीत आणि कोकणीत माहेराला 'कुळार' म्हणतात. ज्या कुळातून धर्मशास्त्राने तिला बाहेर काढलं, त्याच कुळाचं नाव बाईने आपल्या माहेराला ठेवलं आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. पहाटेच्या त्या गाण्यांत भाऊ पुन्हा पुन्हा येतो. वाट्याबद्दल गाणारी बाई गप्प असते, येण्याबद्दल मात्र बोलते.

आता जरा फुकट वाटल्या जाणाऱ्या नात्यांकडे. सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय 'मामा' असतो आणि आया 'मावशी'. शाळेचा शिपाई मामा. हवालदार मामा. धुणंभांड्याच्या बाई मावशी. कुणी त्यांना चुलते म्हणत नाही, आणि 'आत्या' तर कुणीच कुणाला उगाच म्हणत नाही. का? मामा-मावशी आईच्या बाजूचे, लाड करणारे, वाटा न मागणारे. आत्या ही बापाच्या घरची लेक, बारशाला बाळाचं नाव ठेवण्याचा मान तिचा, रुसली तर कार्य अडवणारी. हक्काचं नातं परक्याला द्यायला माणूस कचरतो, मायेचं देऊन टाकतो. हा तर्क आहे, पण आजूबाजूच्या हाका ऐकून कुणीही तपासून पाहावा.

शेतात हक्क आणि माया यांच्या मधली नात्यांची आणखी एक जात होती. एकाच बैलाचा धनी दुसऱ्या एका बैलवाल्याशी पैरा करायचा, दोघांची मिळून जोडी. माणसांची कामाची देवघेव म्हणजे सावड: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. आणि एखाद्याचं रान पडून राहिलं तर गावातले नांगर एका दिवशी त्याच्या शेतात उतरवायचे ते इर्जिक. त्याने फक्त सगळ्यांना जेवू घालायचं. या नात्यांना रक्त लागत नव्हतं, लग्नही नाही. ट्रॅक्टर आला, ताशी भाडं आलं, आणि हे तीन शब्द आता ग्रामीण कथांच्या शेवटी दिलेल्या शब्दार्थांत सापडतात. मुंबईत मात्र त्यांचा एक भाऊबंद बराच काळ टिकला, तो 'गाववाला'. लालबाग-परळच्या चाळीत एकाच गावच्या दहा-पंधरा गड्यांची एक खोली, पाळीपाळीने झोपणं, एकाच खानावळीत जेवण, आणि दारावर ग्रामस्थ मंडळाची पाटी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हजारो कामगार त्याच गावांकडे परतले आणि भावकीच्या दारात उभे राहिले. कुठे ताट वाढलं गेलं, कुठे सातबारा समोर ठेवला गेला.

वारीत मात्र हिशेबच बंद. आळंदीहून निघालेल्या वाटेवर ज्ञानोबा माउली, शेजारचा वारकरी माउली, गर्दी आवरणारा पोलीस माउली आणि चहावालाही माउली. पुरुषाने पुरुषाला आई म्हणायचं आणि त्याच्या पाया पडायचं. कोण कुणाचा सोयरा हे विचारायची सोयच ठेवलेली नाही. तरी खुद्द दिंड्यांचे क्रमांक आणि रथापुढे चालण्याचे मान यांवरून मतभेद होतातच. मराठी माणूस 'की' लावल्याशिवाय राहत नाही.

राजकारणाने ही नाती केव्हाच उचलली. दादा, ताई, भाऊ, अण्णा, आबा, बापू यांच्याशिवाय महाराष्ट्रातला एक फ्लेक्स छापला जात नाही. काका-पुतणे हा तर इथला स्वतंत्र राजकीय प्रकार आहे: बाळासाहेब-राज ठाकरे, गोपीनाथ-धनंजय मुंडे, आणि २ जुलै २०२३ च्या राष्ट्रवादीतल्या फुटीनंतर शरद-अजित पवार. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिना १,५०० रुपये. नाव ज्याने सुचवलं त्याला मराठी नात्यांची खतावणी पाठ होती. बायको म्हटलं असतं तर हक्क आला असता, मुलगी म्हटलं असतं तर वाटा. बहिणीला ओवाळणी पुरते.

हे शब्द आता विरळ होत चालले आहेत आणि दोष इंग्रजी शाळांना दिला जातो. मुलं सगळ्यांना अंकल आणि कझिन म्हणतात, ही तक्रार जुनी आहे आणि थोडी खोटीही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. म्हणजे जोडप्यामागे दोन मुलंही नाहीत. आईही एकुलती आणि बापही एकुलता असेल, तर त्यांच्या मुलाला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. चुलत, आते, मामे, मावस असा एकही भाऊ नाही. दीर, नणंद, जाऊ, साडू हे शब्द त्याच्या आईबापालाच कधी लागले नाहीत. शाळा मराठी असो वा इंग्रजी, त्याला हे शब्द पाठ्यपुस्तकातच भेटणार. भाषा हरवली म्हणण्याआधी माणसं मोजावीत. शिवाय जी भाऊबंदकी संपावी म्हणून आपण तीन पिढ्या तळमळलो, ती अशीच संपणार आहे: भाऊच नसल्याने.

तेव्हा या भाऊबीजेला एक काम करण्यासारखं आहे. गेल्या काही वर्षांत राज्यभर माणसं जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या वंशावळीसाठी तलाठी कार्यालय, भूमिअभिलेख आणि शाळेची जुनी रजिस्टरं धुंडाळत फिरली. त्यांना जी वंशावळ मिळाली, किंवा त्यांनी प्रतिज्ञापत्रावर काढली, ती खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार अशी सरळ खाली येते. त्यात एकही बाई नसते, जणू पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला. ओवाळून झालं, फराळ झाला, मोबाईल बाजूला पडले की एक मोठा कागद घ्यावा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसावं. आजी, पणजी, आत्या, पणजीच्या बहिणी, प्रत्येकीचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव लिहून घ्यावं, सासरी बदललेलं नावही लिहावं. कुणी हक्कसोड केली, तेही लिहायला हरकत नाही. सुरुवात पणजीच्या माहेरापासून करा. ते बहुधा घरात एकाच माणसाला ठाऊक असतं आणि त्याचं वय ऐंशीच्या पुढे असतं.